एक वर, एक खाली

जवळ गेलं की दगड दिसायचा आणि मागे सरकलं की माणसं.

सिंगापूरला भाच्याकडे गेले होते त्या वर्षीची गोष्ट. ऑफिसला जाता जाता त्याने मला एका कलादालनापाशी सोडलं आणि म्हणाला, "मावशी, इथे एसी आहे, चहाची सोय आहे, चारपर्यंत आरामात बस." माझ्या कलाप्रेमाबद्दल त्याचं एवढंच मत होतं, आणि ते फारसं चूक नव्हतं. दोन दालनं मी भराभर उरकली. तिसऱ्यात मात्र त्या चित्रापुढे थांबले. चित्र तरी कसं म्हणावं? दोन मोठे फोटो उभे-आडवे, बोटभर रुंदीच्या पट्ट्यांत कापून एकमेकांत विणले होते. एक फोटो कंबोडियातल्या अंगकोरच्या देवळातल्या कोरीवकामाचा. दुसरा माणसांचा, काळापांढरा. सरळ कॅमेऱ्यात बघणारी माणसं, कुणाच्या छातीवर आकडा. नाकाशी नाक भिडवलं तर फक्त दगडावरची वेलबुट्टी. चार पावलं मागे गेलं की त्या वेलबुट्टीतून डोळे वर यायचे.

भिंतीवरची माहिती मी नंतर वाचली. आधी हाताने ओळखलं. ही वीण माझ्या ओळखीची होती.

वेंगुर्ल्याला आमच्या घरी पावसाळ्याआधी झापं विणायचं काम निघायचं. माडाची चुडतं पाण्यात भिजत घालायची, दांडा मधोमध चिरायचा, आणि मग पाती एकाआड एक घालत न्यायची. आजी विणताना बोलायची नाही, पण तिच्या ओठांची बारीक हालचाल चालू असायची. मला वाटायचं जप करते. एकदा कान जवळ नेऊन ऐकलं तर नुसतं "एक वर, एक खाली, एक वर, एक खाली."

तर ते विणलेले फोटो होते दिन क्यू. ले या व्हिएतनामी चित्रकाराचे. मालिकेच्या नावाचा अर्थ साधारण असा : कंबोडिया, वैभव आणि काळोख. १९९०च्या दशकातलं काम. आणि ही वीण तो कलामहाविद्यालयात शिकला नव्हता. लहानपणी त्याची आत्या का मावशी (इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, त्यामुळे कळायला मार्ग नाही) गवताच्या चटया विणायची, ते बघून शिकला होता. ते वाचलं आणि भाच्याला मेसेज केला की चारला येऊ नकोस, सहाला ये.

दिन क्यू. ले १९६८ साली हा तिएन नावाच्या गावी जन्मला. व्हिएतनामच्या नकाशात अगदी नैर्ऋत्येच्या टोकाला, समुद्राकाठी, कंबोडियाच्या सीमेला चिकटलेलं हे गाव. ख्मेर माणसाला, म्हणजे मूळच्या कंबोडियन माणसाला, विचाराल तर तो म्हणेल की गावच काय, मेकाँग नदीच्या मुखाकडचा तो सगळा प्रदेश मूळ आमचा. त्याचं त्यांच्याकडचं नाव आजही 'कंपुचिया क्रोम' असं आहे. क्रोम म्हणजे खालचा. खालचा कंबोडिया. तीनेकशे वर्षांपूर्वी सरकत सरकत तो व्हिएतनामकडे गेला, आणि तो सल गेलेला नाही.

१९७५ ला कंबोडियात ख्मेर रूजची, म्हणजे पोल पॉटच्या कट्टर कम्युनिस्टांची, सत्ता आली. त्या पावणेचार वर्षांत १७ ते २० लाख माणसं मेली, काही मारली गेली, काही उपासमारीने आणि रोगाने गेली. हे आपल्याला ढोबळ माहीत असतं. त्या राजवटीच्या फौजा सीमा ओलांडून व्हिएतनामी गावांवरही तुटून पडत होत्या हे तितकं माहीत नसतं. १९७८च्या एप्रिलमध्ये बा चुक या गावात तीन हजारांहून जास्त माणसं कापली गेली. बा चुक हा तिएनपासून फार लांब नाही. हा तिएनवरही हल्ले झाले, आणि त्याच वर्षी दहा वर्षांचा दिन घरच्यांबरोबर होडीने थायलंडला निसटला. तिथून अमेरिका.

म्हणजे ज्यांनी त्याचं गाव उठवलं ते ख्मेर रूज. आणि मोठा झाल्यावर तो आपल्या त्या आत्या-मावशीची वीण घेऊन ज्यांचे चेहरे विणायला बसला, ते ख्मेर रूजने मारलेले कंबोडियन. शेजाऱ्याच्या घरचे मृत. त्याला आपलं स्वतःचं दुःख पुरेसं होतं. त्यावरही त्याने काम केलं, भरपूर केलं. सायगावच्या (आताचं हो ची मिन्ह सिटी) जुन्या बाजारातून लोकांचे टाकून दिलेले कौटुंबिक फोटो तो ढिगाने विकत घ्यायचा. पळताना मागे राहिलेला आपल्या घरचा एखादा फोटो त्यात निघेल अशी आशा होती. पण माझं मन अडकलं ते त्या शेजारच्या चेहऱ्यांपाशी.

दोन वर्षांनी मैत्रिणींबरोबर व्हिएतनाम-कंबोडियाची सहल केली. बत्तीस जणांचा ग्रुप, अंगकोरला सगळे खूश. तिथे आपल्या पुरातत्त्व खात्याने १९८६ ते १९९३ काम केलं हे आमच्या व्यवस्थापकाने माइकवर सांगितलं तेव्हा टाळ्याही पडल्या. त्या कामावर पुढे टीकाही झाली, ते त्याने सांगितलं नाही. पण आपण तिथे पोचलो कसे, हे खरं रंजक आहे. व्हिएतनामने ख्मेर रूजला हटवून राजधानी नॉम पेन्हमध्ये जे सरकार बसवलं, त्याला १९८० साली मान्यता देणाऱ्या मोजक्या देशांत भारत होता. बहुतेक जग तेव्हा त्या सरकारकडे ढुंकून बघायला तयार नव्हतं, आणि संयुक्त राष्ट्रांतली कंबोडियाची खुर्ची तेव्हाही ख्मेर रूजच्याच माणसांकडे होती. असो.

नॉम पेन्हला शेवटच्या दिवशी पर्याय मिळाला : तुओल स्लेंग किंवा बाजार. आम्ही पाचजणी तुओल स्लेंगला गेलो. ही मूळची शाळा. तीन मजली इमारती, लांब व्हरांडे, मधे पटांगण, आपल्या झेडपीच्या जरा बऱ्या शाळेसारखी. ख्मेर रूजने तिचा तुरुंग केला, नाव एस-२१. आत आणलेल्या प्रत्येकाचा फोटो काढायचा, जबाब लिहून घ्यायचा आणि नंतर मारायचा. १२ हजारांहून जास्त माणसं आत गेली. वाचली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तळमजल्यावरच्या खोल्यांमध्ये फोटोंच्या भिंतीच्या भिंती आहेत. सिंगापूरला विणीतून वर येत होते तेच डोळे, पण इथे विणीची आडकाठी नव्हती, मागे सरकायला जागा नव्हती. एका बाईच्या कडेवर मूल होतं. आमच्यातली एक बाहेर जाऊन पायरीवर बसली ती निघेपर्यंत उठली नाही.

बहुतेकांवरचा आरोप काय होता, तर शत्रूचा हेर असल्याचा. या शत्रूंत व्हिएतनाम फार वरच्या नंबरावर. १९७८ मध्ये व्हिएतनामलगतच्या पूर्वेकडच्या भागातली माणसं मारताना त्यांच्यासाठी एक शब्दप्रयोगच तयार झाला होता : देह ख्मेर, डोकं व्हिएतनामी. म्हणजे गुन्हा भेसळीचा. तू आमच्यासारखा दिसतोस, पण तुझ्यात शेजारी मिसळलाय.

हे वाचलं तेव्हा मला ती वीण नव्याने कळली. ज्यांना मिसळलेले म्हणून मारलं, त्यांना हा हा-तिएनचा मुलगा आपल्या गावच्या चटईच्या विणीत घालतो, अशा तऱ्हेने की आता कुणालाच ते पट्टीपट्टीने वेगळे करता येणार नाहीत. त्याच्या मनात नेमकं हेच होतं असा माझा दावा नाही. मला ते तसं दिसलं.

आणि तुओल स्लेंगची गंमत (गंमत हा शब्द इथे बरा नाही, पण दुसरा सुचत नाही) अशी की ते संग्रहालयही व्हिएतनामी हाताने मांडलेलं आहे. १९७९च्या ७ जानेवारीला व्हिएतनामी सैन्य नॉम पेन्हमध्ये शिरलं. मग माई लाम नावाच्या व्हिएतनामी कर्नलने हा तुरुंग जगाला दाखवण्यासाठी मांडला. भिंतीवर कवट्यांचा बनवलेला कंबोडियाचा नकाशा लावला तोही त्यानेच. तो नकाशा २००२ मध्ये उतरवला गेला, आणि बरं झालं असं मला वाटतं. दुसऱ्याच्या देशाचा नकाशा दुसऱ्याच्याच हाडांनी काढायला फार मोठी खात्री लागते, आणि इतकी खात्री असलेल्या माणसांची मला भीती वाटते. पण त्याच संग्रहालयात वान नाथची चित्रं आहेत. कंबोडियातल्या बट्टमबंगचा हा चित्रकार एस-२१ मध्ये जिवंत राहिला, कारण तुरुंगाच्या साहेबाला पोल पॉटची चित्रं काढून हवी होती. सुटल्यावर तो त्याच इमारतीत परत आला, व्हिएतनामींनी उघडलेल्या संग्रहालयात काम करू लागला आणि जे बघितलं होतं ते रंगवू लागला. साधी, जवळजवळ पोस्टरसारखी चित्रं. कुणाला ती कच्ची वाटतील. २००९ मध्ये त्याने त्याच साहेबाविरुद्ध कोर्टात साक्ष दिली आणि २०११ मध्ये तो गेला. एका व्हिएतनामी कर्नलची भिंत आणि एका ख्मेर चित्रकाराचं चित्र. या दोन देशांच्या समकालीन कलेतल्या देवाणघेवाणीची सुरुवात कुठून मोजायची असं कुणी विचारलं तर मी त्या भिंतीकडे बोट दाखवेन. त्यात कोण देत होतं आणि कोण घेत होतं ते मात्र मला विचारू नका.

परतताना टुकटुकवाल्याने विचारलं, आधी कुठे जाऊन आलात. सायगाव म्हटल्यावर थोडा वेळ गप्प झाला. मग म्हणाला, "ते १९७९ ला आले ना, ते गेलेच नाहीत." सैन्य तर १९८९ मध्ये गेलं, मी म्हटलं. तो हसला. माझी पुस्तकी तारीख त्याने टुकटुकच्या धुरात सोडून दिली. आणि चार दिवसांआधी सायगावात आमचा गाइड, पन्नाशीचा शांत माणूस, नेमकं उलट बोलला होता. त्याचा मोठा भाऊ तिकडे सैन्यात होता. "आमची पोरं तिथे मेली. आम्ही त्यांना वाचवलं. धन्यवाद? अजून वाट बघतोय." कंबोडियात ७ जानेवारीला सुट्टी असते. काहींसाठी तो सुटकेचा दिवस, काहींसाठी परक्याची सत्ता आली तो दिवस, आणि बऱ्याच जणांसाठी दोन्ही.

टुकटुकवाल्याने उतरताना मला विचारलं, "तुमचे शेजारी कोण?" मी बोटांवर मोजायला लागले आणि मधेच थांबले.

अशा दोन देशांचे कलावंत एकमेकांशी बोलणार तरी कसे? दूतावासात हार-तुरे, दोन्ही झेंड्यांपुढे फोटो, अर्ध्या तासाचा नाच, तसलं पुष्कळ होतच असेल. मला त्यात रस नाही. सायगावात २००७ साली दिन क्यू. ले आणि त्याच्या तीन कलाकार मित्रांनी 'सान आर्ट' नावाची जागा सुरू केली. सान म्हणजे जमीन, फरशी, उभं राहायला जागा. जिथे प्रदर्शन लावायला सरकारी परवाना लागतो अशा शहरात फरशी हीच मोठी गोष्ट. तिकडे नॉम पेन्हमध्ये २०१० साली तरुण कलाकारांच्या एका गटाने 'सा सा आर्ट प्रोजेक्ट्स' काढलं, तेही कुठे, तर शहरातल्या 'व्हाइट बिल्डिंग' या लांबलचक जुनाट चाळवजा इमारतीत. १९६३ मध्ये बांधलेली ती इमारत ख्मेर रूजच्या काळात ओस पडली, मग माणसांनी पुन्हा भरली. नर्तक, वादक, शिंपी, सगळे दाटीवाटीने. २०१७ मध्ये ती पाडली. गिरणगावातली चाळ पाडताना ज्यांनी बघितलीय त्यांना मी वेगळं सांगायला नको.

अशा जागांमुळे कलाकार एकमेकांच्या देशात पाहुणे न होता जाऊ शकले. मला यातलं सर्वांत अवघड आणि म्हणून सर्वांत आवडलेलं काम व्हिएतनामातल्या हुए शहराच्या न्गुयेन थी थान्ह माई या चित्रकर्तीचं. २०१४-१५ च्या सुमारास तिने कंबोडियातल्या व्हिएतनामी वंशाच्या लोकांबरोबर काम केलं. तोनले साप सरोवरावर तरंगती गावं आहेत, होड्यांवर घरं, होड्यांवर दुकानं. तिथल्या कित्येक व्हिएतनामी कुटुंबांच्या पिढ्या कंबोडियात गेल्या, पण नागरिकत्वाचा कागद नाही. कंबोडिया म्हणतं तुम्ही तिकडचे. सीमा ओलांडून व्हिएतनामात गेले तर तिकडचे म्हणतात तुम्ही इकडचे. टुकटुकवाला ज्यांच्याबद्दल 'गेलेच नाहीत' म्हणत होता, त्यांच्यातले पुष्कळसे हे. जायला त्यांच्याकडे जागाच नाही. माईने ना आपल्या देशाची बाजू मांडली ना शेजाऱ्याची. 'दिवसेंदिवस' अशा अर्थाचं नाव दिलं आणि कागद नसलेल्या माणसांकडे बघितलं. वाचवल्याचं श्रेय आणि घुसल्याचा आरोप, दोन्ही त्या पाण्यावर आपटून परत येतात.

कंबोडियाच्या बाजूने पाहायचं तर वांडी रत्तना आहे. २००९ मध्ये त्याने तळ्यांचे फोटो काढले. गोल, शांत, हिरवी तळी, कडेने गवत. ती अमेरिकी विमानांनी टाकलेल्या बॉम्बचे खड्डे आहेत. लढाई व्हिएतनामची, खड्डे कंबोडियाच्या शेतात. यात एकही व्हिएतनामी माणूस दिसत नाही, तरी शेजारी आहेच.

आणि सोपीप पिच. त्याच्याबद्दल मी मुद्दाम शेवटी लिहितेय, कारण तोही विणतो. १९७१ मध्ये बट्टमबंगला जन्म, राजवट पडल्यावर थायलंडमधली निर्वासितांची छावणी, मग अमेरिका, आणि २००२ मध्ये परत. दिनहून तीन वर्षांनी लहान, आणि आयुष्याचा नकाशा जवळजवळ तोच. आधी तो रंगवायचा. २००४ मध्ये त्याने वेत घेतला आणि माणसाची फुप्फुसं विणली. वेत, बांबू, तार, एवढंच. पुढे एक बुद्ध केला : डोकं-खांदे नीट विणलेले आणि खाली वीण सुटत गेलेली, लोंबणारे वेत, टोकांना लाल रंग. दिनची वीण गच्च असते, त्यातून आरपार काही दिसत नाही. पिचची वीण उघडी, तिच्यातून पलीकडची भिंत, माणसं, खिडकी सगळं दिसतं. आमच्याकडे झाप आणि कोंबड्यांवर पालथं घालायचं डालगं यात असतो तसा फरक. या दोघांनी बसून कधी विणीवर गप्पा मारल्या का, ते मी शोधत बसले नाही. सीमेच्या दोन बाजूंची दोन पोरं जगाच्या दुसऱ्या टोकाला गेली, तिथे कलेच्या पदव्या घेतल्या, आणि परत येऊन दोघांच्या हातांनी गावाकडचंच काम पकडलं, हे मला गप्पांपेक्षा जास्त वाटतं. २००९-१० मध्ये ब्रिस्बेनच्या मोठ्या त्रैवार्षिक प्रदर्शनात 'मेकाँग' नावाचा एक विभागच होता. त्यात पिच होता, वांडी रत्तना होता, व्हिएतनामचा बुई काँग खान्ह होता. एकाच नदीवरची माणसं एका भिंतीवर यायला ऑस्ट्रेलिया गाठावं लागलं. आपल्या गावातले दोन भाऊबंद मुंबईला भेटले की कसे गळ्यात पडतात, तसंच.

एक गोष्ट मात्र मला टोचत राहते. ते विणलेले फोटो सुंदर आहेत, आणि त्या सौंदर्याचा मला त्रास होतो. त्या माणसांनी फोटो काढून घेतला नव्हता, त्यांचा काढला गेला होता, मारण्याआधी. १९९७ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने एस-२१चे फोटो भिंतीवर लावले तेव्हा हाच वाद झाला होता : हे कुणाचे फोटो, फोटोग्राफर कोण म्हणायचा, आणि या खोलीत आपण कोण? दिनच्या विणीने निदान एवढं केलं की मारेकऱ्याच्या कॅमेऱ्याची सरळ नजर मोडली. चेहरा सलग दिसत नाही, बघणाऱ्याला तो स्वतः जुळवावा लागतो. तरी असं चित्र दिवाणखान्यात, सोफ्याच्या वर कुणी लावलं असेल ही कल्पना मला झेपत नाही. आणि ज्या नॉम पेन्हमधले ते चेहरे, तिथल्या किती जणांनी ही वीण पाहिली असेल? टुकटुकवाल्याने नक्कीच नाही. त्याला दाखवली तर तो काय म्हणेल? एका व्हिएतनामी माणसाने हे केलंय असं आधी सांगायचं की नंतर?

२०२४च्या एप्रिलमध्ये दिन क्यू. ले गेला. जेमतेम छप्पन्न वर्षांचा. बातमी फोनवर वाचली तेव्हा मी वेंगुर्ल्यातच होते, चुलतभावाच्या मुलीच्या लग्नासाठी. मांडव आता पत्र्याचा असतो, भाड्याने येतो, पंख्यासकट. पण विहिरीकडच्या न्हाणीला आडोसा म्हणून काकू अजून झापं विणते. मी तिच्या शेजारी बसून चार पाती घालून बघितली. हात विसरले होते. पाचव्या ओळीला काहीतरी चुकलं आणि कुठे चुकलं ते दिसेना.

काकूने झाप माझ्या हातातून घेतलं आणि पालथं केलं. "चूक पाठीमागून बघायची," म्हणाली. वरून खाली गेलेली पाती मागून वर आली होती. दोन पाती लागोपाठ वर आल्या होत्या ती जागा लगेच सापडली.

त्या विणलेल्या फोटोंची पाठ मी पाहिलेली नाही. फोटोचा कागद मागून पांढरा असतो. म्हणजे तिथे देऊळ नसेल आणि चेहरेही नसतील. पांढऱ्या पट्ट्या असतील, एक वर, एक खाली, कुठली कोणाची ते न कळणाऱ्या.